कंसातले शब्द

भाषांतर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुस्तक येते. मूळ कृती, तिचा लेखक, अनुवादक, आणि प्रस्तावनेच्या शेवटच्या परिच्छेदात अनुवादकाने मागितलेली क्षमा. आपले भाषांतरविषयक अभ्यासक्रम ह्याच चौकटीत बेतलेले असतात आणि त्यात गैर काही नाही. पण ह्या चौकटीबाहेर, एकमेकांची भाषा अजिबात न येणारी माणसे रोज तासन्‌तास एकत्र काम करतात आणि त्या कामापुरती एक भाषा घडवतात, ही गोष्ट आपल्या विचारातून सुटते. पूर्वी हे बंदरांवर आणि बाजारपेठांत घडत असे. गेल्या पाव शतकात ते आंतरजालावरच्या खेळांतही घडले आहे. खेळ म्हटल्याबरोबर नाक मुरडणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे, की भाषेच्या अभ्यासकाने बाजारापेक्षा खेळाला हलके मानण्याचे काही कारण नाही.

इथे विचारात घ्यायचे उदाहरण ‘फायनल फँटसी इलेव्हन’ ह्या खेळाचे आहे. स्क्वेअर ह्या जपानी कंपनीने तो मे २००२ मध्ये जपानमध्ये सुरू केला. उत्तर अमेरिकेत तो ऑक्टोबर २००३ मध्ये पोचला आणि युरोपात सप्टेंबर २००४ मध्ये. आजही तो चालू आहे. त्या काळातले असे बहुतेक खेळ प्रत्येक प्रदेशासाठी वेगळे सर्व्हर ठेवत. जपानी जपान्यांत खेळत, अमेरिकन अमेरिकनांत. ह्या खेळाच्या कर्त्यांनी सगळ्यांना एकाच जगात सोडले. व्हानादील नावाच्या त्या कल्पित जगात ओसाकाचा विद्यार्थी आणि ओहायोतला ट्रकचालक एकाच वाळवंटात एकाच राक्षसापुढे उभे राहू शकत होते.

उभे राहू शकत होते म्हणण्यापेक्षा राहावेच लागे, असे म्हणणे अधिक खरे. खेळाची रचनाच अशी होती, की सुरुवातीच्या थोड्या पायऱ्या सोडल्या तर एकट्याने पुढे जाणे जवळपास अशक्य. सहा जणांचा गट जमवायचा. कोणी घाव झेलायचे, कोणी जखमा भरायच्या, कोणी मंत्र टाकायचे. दोघांनी आपले वार ठरावीक क्रमाने, ठरावीक अंतराने केले तर त्यांचा एकत्रित परिणाम मोठा होई आणि नेमक्या त्या क्षणी पडलेला मंत्र अधिक लागू पडे. क्रम चुकला तर श्रम वाया, आणि मरण आले तर तासभर कमावलेले अनुभवगुण कमी होत. म्हणजे ‘आधी तू, मग मी’ एवढे एक वाक्य समोरच्याला समजले नाही तर सहा जणांची संध्याकाळ फुकट जाई. शब्दाला अशी रोख किंमत असण्याचा अनुभव वाङ्मयाच्या वर्गात क्वचितच मिळतो.

ह्या अडचणीवर कर्त्यांनी काढलेला तोडगा साधा होता. खेळात हजारो शब्दांची आणि वाक्प्रयोगांची एक तयार यादी होती. अभिवादने, प्रश्न, उत्तरे, डावपेच, देवाणघेवाण, व्यवसाय, गावांची नावे, असे तिचे विभाग पाडलेले होते. खेळाडूने पहिली काही अक्षरे टंकून टॅबची कळ दाबली की त्या अक्षरांनी सुरू होणारे पर्याय समोर येत. त्यातला एक निवडून पाठवला की जपानी खेळाडूच्या पडद्यावर तो जपानीत उमटे, इंग्रजी खेळाडूच्या पडद्यावर इंग्रजीत. आणि प्रत्येक वेळी तो दोन रंगीत कंसांत उमटे. सुरुवातीचा कंस हिरवा, शेवटचा लाल. ह्या लेखात मला जे म्हणायचे आहे ते मुख्यतः ह्या दोन कंसांविषयी आहे.

कल्पना अगदी नवी नव्हती. सेगा कंपनीच्या ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ ह्या डिसेंबर २००० मधल्या खेळात जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश ह्या पाच भाषांमध्ये तयार शब्द जुळवून वाक्य पाठवण्याची सोय होती. शिवाय आकृत्या जुळवून चेहरे आणि चित्रे बनवण्याचीही सोय होती, म्हणजे शब्द संपले की चित्रलिपी हाताशी. पण माणसांचा दीर्घकाळचा सहवास, त्यातून पडलेल्या सवयी आणि झालेली भांडणे ह्यांच्या दृष्टीने मला पहिले उदाहरण अधिक बोलके वाटते.

त्यात एक उलटापालटही होती. आंतरजालावर इंग्रजी ही यजमानाची भाषा असते आणि बाकी सगळे पाहुणे, हे आपण इतके गृहीत धरलेले असते की ते लक्षातही येत नाही. इथे मात्र इंग्रजी बोलणारे सतरा महिने उशिरा आले. ते आले तेव्हा व्हानादीलमध्ये जपानी समाज नांदत होता. तिथल्या रीतिभाती ठरलेल्या होत्या, गटात कसे शिरावे, निघताना काय म्हणावे, मिळालेली वस्तू कोणी घ्यावी ह्याचे संकेत रुळलेले होते. इंग्रजी बोलणाऱ्याला एका अनोळखी घराच्या उंबरठ्यावर, त्या घरची भाषा येत नसताना उभे राहावे लागले. आपल्यापैकी अनेकांना ज्याची जन्मभराची सवय आहे ती अवस्था त्याच्या वाट्याला खेळात का होईना, आली.

अशा वेळी पहिली गरज माहितीची असेल असे वाटते. प्रत्यक्षात पहिली गरज असते ती बोलणे चालू ठेवण्याची. ब्रोनिस्लाव मालिनोव्हस्की ह्या मानवशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये, ऑग्डेन आणि रिचर्ड्‌स ह्यांच्या अर्थविचारावरील ग्रंथाला जोडलेल्या निबंधात, ‘फॅटिक कम्युनिअन’ ही संज्ञा वापरली. हवापाण्याच्या गप्पा, खुशाली विचारणे, काही न सांगता नुसते बोलणे. ह्या बोलण्यातून माहिती कळत नाही, जवळीक बांधली जाते. यादीतल्या ज्या प्रयोगांचा सतत वापर होई त्यात ‘नमस्कार’, ‘आभार’, ‘माफ करा’, ‘नको, धन्यवाद’, ‘जपून जा’ असे शब्द होते. मालिनोव्हस्कीचे म्हणणे पटवण्यासाठी ह्याहून चांगली प्रयोगशाळा मिळणे कठीण. शब्दसंपत्ती मर्यादित असली की माणसे आधी सौजन्य वापरतात आणि मग डावपेच.

पण सौजन्याचेही भाषांतर सोपे नसते. जपानी खेळाडू गटात येताच ‘योरोशिकु ओनेगाइशिमासु’ म्हणत आणि निघताना ‘ओत्सुकारेसामा’. इंग्रजीत पहिल्याला नेमका प्रतिशब्द नाही. ‘भेटून आनंद झाला’ म्हणावे तर भेट जुनी असली तरी हे म्हटलेच जाते. ‘कृपया’ म्हणावे तर मागणे काहीच नसते. दुसऱ्या प्रयोगात थकव्याचा अर्थ असलेला शब्द आहे. ‘आपण दमलात’ असे शब्दशः भाषांतर केले तर अमेरिकन माणूस गोंधळेल.

मराठी वाचकाने मात्र गोंधळण्याचे कारण नाही. पत्राच्या शेवटी आपण ‘लोभ असावा, ही विनंती’ असे लिहितो. ‘योरोशिकु’मध्ये ‘चांगल्या भावनेने’ ही छटा आहे आणि ‘ओनेगाइशिमासु’ म्हणजे ‘विनंती करतो’. जपानी पत्रेही बहुधा ह्याच शब्दांनी संपतात. दोन्हींमध्ये विनंती आहे, पण कशाची हे सांगितलेले नाही. समोरच्याची मर्जी आपल्यावर राहावी, एवढाच भाव. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणारी आपली भाषा अशा शब्दांचा अर्थ कोशात शोधत नाही. तो प्रसंगात असतो, हे आपल्याला उपजत कळते. भाषांतराचा मार्ग इंग्रजीवरून गेला पाहिजे, असे आपण मानून चालतो. दोन भाषांची थेट गाठ घातली तर कधी कधी वाटेतली अडचणच नाहीशी होते, हे ह्या एका उदाहरणावरून दिसावे.

इंग्रजी बोलणाऱ्या खेळाडूंनी ह्यावर स्वतःच उपाय शोधला. त्यांनी यादी बाजूला ठेवली आणि रोमन लिपीत ‘योरोशिकु’ टंकायला सुरुवात केली. ‘ओत्सुकारेसामा’चे जपानी खेळाडूंनीच केलेले लघुरूप ‘ओत्सु’ तेही वापरू लागले. जपानी आंतरजालावर हसण्यासाठी रोमन डब्ल्यू लिहितात, कारण हसणे म्हणजे ‘वाराउ’. टाळ्यांसाठी ८८८ लिहितात, कारण आठाला ‘हाची’ म्हणतात आणि टाळीचा आवाज ‘पाची पाची’. ह्या खुणा कोणत्याही पाठ्यपुस्तकात प्रथम येत नाहीत. त्या सहवासातच शिकल्या जातात. यादीने दार उघडले आणि माणसे त्यातून आत शिरून यादीत नसलेले शब्द उचलू लागली, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता दुसरी बाजू. तयार वाक्यांच्या यादीत रागावण्याची सोय फारशी नसते, समजावून सांगण्याची तर नसतेच. ‘तुझे चुकले’ हे एक वेळ सांगता येईल. ‘तुझे चुकले, पण त्याचे कारण मी आधी नीट सांगितले नाही’ हे सांगता येत नाही. ज्या ऑग्डेनच्या ग्रंथात मालिनोव्हस्कीचा निबंध छापला गेला त्यानेच १९३० मध्ये ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली. ह्या थोड्या शब्दांत सगळे जग बोलू शकेल, अशी त्याची उमेद होती. ती फळली नाही. माणसाला बोलायचे असते ते नेमके यादी जिथे संपते तिथून पुढचे, हे त्याचे एक कारण असावे.

खेळातही ते दिसले. काही जपानी खेळाडू आपल्या नावापुढच्या शेऱ्यात ‘फक्त जपानी गट’ असे लिहून ठेवू लागले आणि इंग्रजी बोलणारे त्यावर संतापले. हा वंशभेद आहे, असे आरोप झाले. पूर्वग्रह कुठेच नव्हता, असा दावा मी करणार नाही. पण दिवसभर काम करून रात्री दोन तास खेळायला बसलेल्या माणसाला त्या दोन तासांत परकी भाषा नको वाटली, तर त्याला लगेच आरोपी करू नये. जपानीत बोलण्याची पातळी समोरच्याच्या स्थानावरून ठरते. चुकीच्या पातळीवर बोलण्याचा संकोच आपल्यालाही ठाऊक आहे. नव्या ओळखीत ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’ ह्या प्रश्नावर आपण वाक्येच्या वाक्ये कर्मणी प्रयोगात ढकलतो. आणि ज्याच्या भाषेसाठी जगातल्या इतर सगळ्या जागा राखीव असतात त्याला एक दार बंद दिसले की तो अन्याय वाटतो. ज्याला सतत दुसऱ्याच्या भाषेत जावे लागते त्याला मात्र ते दार म्हणजे घडीभराची विश्रांती वाटू शकते. मुंबईच्या लोकल गाडीत समोरचाही मराठीच असेल ह्याची खात्री न करता हिंदीत बोलू लागणाऱ्या आपल्या माणसांना ह्यातला शीण वेगळा सांगायला नको.

तरीही मर्यादित शब्दांची ही भाषा केवळ दुबळी होती, असे म्हणता येत नाही. इंग्रजी बोलणारे खेळाडू आपापसातही, काही गरज नसताना, कंसातले शब्द वापरू लागले. ‘माफ करा’ आणि ‘नको, धन्यवाद’ हे दोन प्रयोग त्यांच्या विनोदाचे कायमचे भांडवल झाले. ह्याच प्रवृत्तीचे अलीकडचे रूप ‘एल्डन रिंग’ ह्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीच्या २०२२ मधल्या खेळात दिसते. तिथे खेळाडू ठरावीक साच्यांत ठरावीक शब्द भरून जमिनीवर संदेश ठेवतात. कड्याच्या टोकाला कोणी ‘उडी मारून पाहा’ असा संदेश ठेवतो. तो वाचून फसणारे फसतात. मग कोणी तरी शेजारी ‘पुढे लबाड आहे’ असे लिहून जातो. हाही लबाड असू शकतो. एवढ्या तोकड्या शब्दांत उपरोध, इशारा, मत्सर आणि मैत्री सगळे मावते. वृत्ताच्या आणि यमकाच्या बंधनातून काय निपजते हे ठाऊक असलेल्यांना ह्याचे नवल वाटू नये.

ह्या खेळाचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी ह्यांनी आपल्या बालपणाविषयी सांगितलेली एक गोष्ट इथे आठवते. आपल्या वयाला न झेपणारी पुस्तके ते वाचत, त्यातला बराच मजकूर कळत नसे, आणि न कळलेल्या जागा ते कल्पनेने भरून काढत. त्यांच्या खेळांतली तुटक, अर्धवट सांगितलेली कथानके त्या वाचनातून आली. न कळलेला भाग हा वाचनातला दोष आहे, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. इथे त्याच भागाने एक लेखक घडवला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गेल्या दशकात यंत्रभाषांतर फार पुढे गेले आहे. आज जपानी खेळाडूने काहीही टंकले तरी फोनवर त्याचे इंग्रजी, आणि मराठीही, क्षणात मिळू शकते. मग ठरावीक वाक्यांची यादी आणि तिचे रंगीत कंस हे बैलगाडीसारखे कालबाह्य झाले, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही.

कंस एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगत होते. हा शब्द बोलणाऱ्याने स्वतः रचलेला नाही, तो यादीतून उचलला आहे. ह्या माणसाची भाषा वेगळी आहे आणि तुमच्यापर्यंत पोचण्यासाठी त्याने वाकडी वाट घेतली आहे. वाचणाराही त्यानुसार वागे. उत्तराला उशीर झाला तर थांबे, शब्द थोडा विचित्र बसला तर मनावर घेत नसे. शिवण दिसत होती, म्हणून कापड जपून वापरले जात होते. आजचे यंत्र ही शिवण लपवते. समोर येते ते गुळगुळीत वाक्य, आणि त्यात काही खटकले तर त्याचा दोष सरळ बोलणाऱ्याच्या माथी जातो. यंत्राने उद्धटपणा घुसडला तर उद्धट ठरतो तो माणूस.

हे केवळ शंकेखोरपणाने म्हणत नाही. जपानी वाक्यात कर्ता पुष्कळदा नसतो आणि क्रियापदाला लिंग नसते. एखाद्या खेळाडूने ‘किता’ एवढेच लिहिले तर ‘आलो’, ‘आले’, ‘आला’, ‘आली’ ह्यांपैकी काहीही असू शकते. मराठीला इथे निवड करावीच लागते. खेळात समोरचा कोण आहे, पुरुष की स्त्री, हे ठाऊक नसते आणि ते ठाऊक नसणे हाच पुष्कळांना त्या जगातला मोकळेपणा वाटतो. यंत्र निमूटपणे निवड करून मोकळे होते आणि ती निवड केल्याचे सांगत नाही. यादी करणाऱ्या माणसाने निदान एकदा बसून विचार केलेला असतो, की हा शब्द कोणत्या पातळीवर ठेवावा.

भाषांतरमीमांसेला हा प्रश्न नवा नाही. श्लायरमाखरने १८१३ मध्ये बर्लिनच्या व्याख्यानात दोन वाटा सांगितल्या. लेखकाला जागच्या जागी राहू देऊन वाचकाला त्याच्याकडे न्यावे, किंवा वाचकाला राहू देऊन लेखकाला त्याच्याकडे आणावे. लॉरेन्स व्हेनुटी ह्यांनी १९९५ मधल्या ग्रंथात अनुवादकाच्या अदृश्य होण्यावर टीका केली ती ह्याच संदर्भात. दोघांपुढे ग्रंथ होते. तोच वाद ग्रंथाबाहेर, दोन अनोळखी माणसांच्या बोलण्यात किती निकडीचा होतो, हे कंसातले शब्द दाखवतात. तिथे वाचक आणि लेखक दोघेही आपापल्या जागेवरून थोडे थोडे पुढे सरकत होते.

ह्याला इतिहासातही आधार आहे. उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर रशियन व्यापारी आणि नॉर्वेजियन कोळी ह्यांच्यात मासे आणि धान्याची देवघेव चाले. त्यातून ‘रुसेनोर्स्क’ नावाची जेमतेम चारशे शब्दांची भाषा तयार झाली आणि रशियन क्रांतीनंतर तो व्यापार थांबला तेव्हा ती मावळली. तिचे दुसरे नाव ‘मोया पो त्वोया’, म्हणजे साधारण ‘मी तुझ्या बोलीत’. ती कोणाच्याच मालकीची नव्हती, म्हणून तिच्यात बोलताना कोणाचीही मान खाली जात नव्हती. रंगीत कंसांची भाषा मला ह्याच जातीची वाटते.

यंत्रभाषांतर वापरूच नये, असे सांगणे हास्यास्पद ठरेल. मागणे एवढेच, की ते जिथे वापरले जाईल तिथे त्याची खूण राहावी. मूळ वाक्य शेजारी दिसावे, लिपी वाचता येत नसली तरी. यंत्राने जिथे लिंग, आदर किंवा कर्ता पदरचा घातला असेल तिथे तसे दर्शवावे. खेळ घडवणाऱ्यांना हे अवघड नाही. दोन रंगीत कंसांत त्यातले निम्मे काम पूर्वीच झाले होते.

आणि आपल्या वर्गांसाठी एक स्वाध्याय सुचवतो. अशा यादीत मराठी आजवर आलेली नाही. ती उद्या येणार असे धरून विद्यार्थ्यांना दोनशे प्रयोगांची यादी करायला सांगावी. ‘धन्यवाद’ घ्यायचे की ‘आभारी आहे’, घरात आपण ह्यातले एकही म्हणत नसताना? ‘येतो’ घेतले तर स्त्रीने काय निवडायचे? ‘चल’ की ‘चला’? ‘राहू दे’ हा नकार धरायचा की आग्रहाचे निमंत्रण? ‘लोभ असावा’ ठेवायचे का, आणि ठेवले तर जपानी स्तंभात त्यापुढे काय लिहायचे? तासाभरात वर्गात वाद सुरू होईल. तो वाद यादी पूर्ण होण्याआधी थांबवू नये.